पायाळूची लाथ

२ जुलै १९५९, गुरुवार

काल रात्री दोनदा! एकदा पहिल्या झोपेत, एकदा कोंबडा आरवायच्या आधी. "राही, ऊठ गो, गोळा आला." की मी उठायचं, चाचपडत आत्याबाईंच्या अंथरुणाशी जायचं, त्यांच्या पोटरीवर डाव्या पायानं तीनदा लाथ मारायची. मग त्या "हं, सुटला" म्हणून कुशीवर वळतात आणि मी वाशांकडे बघत पडते. दोन वर्षं हेच चाललंय. सासूला लाथा मारण्यासाठी लग्न करून आणलेली सून अख्ख्या पोलादपूर तालुक्यात मी एकटीच असेन.

कारण काय, तर मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाची लाथ बसली की उसण, लचक, गोळा — सगळं पळतं म्हणे. गंमत म्हणजे लग्न ठरेपर्यंत मला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं! महाडला ही मंडळी बघायला आली तेव्हा आईनं त्यांच्यासमोर सांगितलं, आणि चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या मला ते तेव्हाच कळलं. मागून विचारलं तर म्हणाली, लहानपणी सांगितलं असतं तर विजेला भिऊन घरात बसली असतीस, शाळा बुडाली असती.

आता विजेला भिऊन बसवायला इथं सगळं कापडे गाव आहे. पायाळूवर वीज पडते ना! म्हणून मिरगाचा पाऊस लागला की मी घरात. शेतावर नाही, नदीवर नाही, आभाळ नुसतं गुरगुरलं तरी अंगणातसुद्धा नाही. सगळ्या बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन लावणीला जातात, एकमेकींना हाका मारतात, हसतात. मी चुलीपाशी, बाळंतिणीसारखी. गेल्या वर्षी असं कोंडून घातल्यावर दुसरं करणार काय? पुस्तकं काढली, पाठ केली, मार्चात सातवीच्या फायनलला बाहेरून बसले, पास झाले. तेवढं एक बरं झालं.

४ जुलै

बोर्डाचं पत्र आलं! मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझी निवड झाली. ३ ऑगस्टला पुण्यात हजर व्हायचं. दोन वर्षं तिथं राहायचं, मग शाळा. माझी शाळा!

पत्र तीनदा वाचलं, मग मामंजींना वाचून दाखवलं. मामंजी म्हणजे सासरे, हैबतीराव, बसल्या जागी सगळ्या घराला हलवणारे. ओटीवर शेजारचे सोनबाकाका पान खात बसले होते. मामंजी त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चिखलात उतरत नाय ती नायच, आता सासूचा पाय पण टाकून चालली." मी म्हटलं, पायाचं औषध होईल. तर म्हणाले, "मग थांबव तिचा गोळा. कायमचा. थांबला तर खुशाल जा, मी स्वतः ट्रंक उचलून एसटीत ठेवीन. सोनबा, तू साक्षी."

सोनबाकाका हसता हसता खोकले. थट्टा होती त्यांची. पण मामंजी दिला शब्द फिरवत नाहीत, गावात तेवढाच त्यांचा मोठेपणा आहे. तेव्हा मीही तो शब्द धरून ठेवणार.

राग मामंजींचा नाही आला इतका. आत्याबाई दारातच बसल्या होत्या, तांदूळ निवडत. त्यांच्याच पायाची गोष्ट चालली होती. एक शब्द बोलल्या असत्या — जाऊ द्या पोरीला! मान वर केली नाही. खडे काढत बसल्या.

५ जुलै

यांना मुंबईला पत्र टाकलं. उत्तर काय येणार ते मलाच आत्ता लिहून ठेवता येईल.

७ जुलै

रात्री पुन्हा हाक. गेले आणि मारली लाथ. मुद्दाम जोरानं मारली. पोटरीत हाडाला लागलं असेल, कारण आत्याबाईंनी श्वास आत ओढला. मला बरं वाटलं. हो, वाटलं! वहीशी खोटं कशाला बोलू?

९ जुलै, गुरुवार

महाडला जाऊन आले. आईला ताप आहे म्हणून थाप मारली. मामंजी कुरकुरले, पण आत्याबाईंनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज गडगडत नाय, जाऊं दे." छत्रीही काढून दिली. पोलादपूरपर्यंत चालत, पुढं एसटी. सावित्री दुथडी भरून चाललीय.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर म्हातारे आहेत, चष्म्यावरून बघतात. मी विचारलं, झोपेत पोटरीत गोळा का येतो? त्यांनी उलट मलाच विचारलं, बाई दिवसभर काय करतात? म्हटलं, लावणी. किती तास वाकून? किती दिवस? पाणी किती पितात? यातलं मला एकही सांगता येईना. दोन वर्षं ज्या पायाला लाथा मारतेय, तो दिवसभर कुठं असतो याची मला काही माहिती नाही! डॉक्टरांसमोर लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो.

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते. गार चिखलात उभं राहून स्नायू थकतो. पावसात घाम आलेला कळत नाही, पण येतो, आणि अंगातलं पाणी नि मीठ घेऊन जातो. त्यात पाणी कमी प्यायलं की झालंच. वरून रात्री घोंगडी पायाखाली घट्ट खोचून निजलं की पावलं खाली ताणली जातात, पोटरी आखडते, गोळा येतो. कधी कधी काहीच कारण सापडत नाही, वय झालं की येतो. आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, किंवा उठून तळवा जमिनीवर सपाट टेकून उभं राहायचं. मग चोळायचं, गरम फडक्यानं शेकायचं. निजायच्या आधी भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. पाणी भरपूर. पेजेत मीठ. मिळालं तर दूध.

मी लाथेचं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, दाब पडला आणि पाऊल वळलं की कुणाच्याही पायानं सुटेल, नाहीतरी गोळा थोड्या वेळानं आपोआप सुटतोच. म्हणजे माझ्या पायात काही नाही! परतीच्या एसटीत मी इतकी खूश होते की बाजूच्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

आईकडे जायला वेळच झाला नाही.

१० जुलै

आत्याबाईंना सगळं सांगितलं. घोंगडी सैल करायची, ठीक. पेजेत मीठ, ठीक. भिंतीला हात लावून ताणायला सांगितलं तर माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, पण केलं. पाण्याचं काढलं तेव्हा मात्र मान हलवली. नाय जमायचं.

का? तर सकाळी पेज पिऊन गेल्या की संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब घेत नाहीत! मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, "वावरात बापये असतात गो. आडोसा कुठाय? बायांनी जायचं कुठं?"

म्हणजे गावातल्या सगळ्याच बाया दिवसभर पाण्यात उभ्या राहून तहानेल्या राहतात. घोटाभर पाण्यासाठी नाही, पाणी प्यायल्यावर जायचं कुठं म्हणून. आणि त्या वावरातले बापये दर तासाला उठून बांधावर, तेही कुणाकडे पाठ न करता! असा संताप झाला की भाकरी थापताना परात उलथी पडली. मामंजी म्हणाले, पीठ फुकट येतं काय. मी त्यांना काहीही बोलले नाही, बोलले असते तर ट्रेनिंग त्याच पिठात गेलं असतं.

११ जुलै

यांचं पत्र आलं. चार ओळी. "आबा म्हणतील तसं कर. आईच्या पायाची काळजी घे." काळजी! इथं येऊन एकदा तरी मारून बघा लाथ, मध्यरात्री उठून.

१३ जुलै

सोनबाकाकांना उसण भरली. सकाळी सकाळी माणसांनी धरून आणलं, ओटीवर पालथं निजवलं. मार म्हणाले. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात कुणाच्याही पायानं होतं, तुमच्या सुनेलाच सांगा. ओटीवरचे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी देव्हाऱ्यात चपला नेल्या. सोनबाकाका पालथ्या तोंडानं म्हणाले, "मास्तरीण झाली नाय तोच पायाला मोल आलं."

तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या आणि मला दंडाला धरून पुढं केलं. "मार," म्हणाल्या. आवाज असा की मारलीच. आत गेल्यावर हळूच, पण जरबेनं म्हणाल्या, "असं चारचौघांत बोलू नको परत. तू पायाळू हायस. ध्यानात ठेव."

ध्यानात ठेव! मला उजेड दिसायला लागला की ही बाई दार लावून घेते. त्यांना सूनच नको, पाय हवा. मी गेले तर पाय जाईल ना!

१४ जुलै

पाण्यावर तोड काढली. लावणीच्या वावराशेजारी करवंदीची जाळी आहे. चार बायांना निरोप धाडला की दुपारी एकीनं तिथं घोंगडी आडवी धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी जाऊन यायचं. निरोप धाडला कारण मला स्वतःला जाता येत नाही. आकाशात टिचकी वाजली की मी चुलीपाशी.

आत्याबाईंबरोबर मीठ घातलेल्या पेजेचा तांब्या दिला. रिकामा परत आला. वाटेत ओतली असेल तर देव जाणे.

१६ जुलै, आषाढी एकादशी

उपास! निर्जळी करणार म्हणे. मी समोर उभी राहिले. म्हटलं, पाणी प्या नाहीतर मीही पिणार नाही. आत्याबाई हसल्या. मी त्यांना हसताना फार बघितलेलं नाही. दोन तांबे पाणी प्यायल्या.

रात्री तरी गोळा आलाच. पण लाथ मारली नाही मी. बोटं धरून वर ओढली, डॉक्टरांनी सांगितलं तशी. सुटला! लाथेपेक्षा लवकर. त्या म्हणाल्या, "मामंजीस सांगू नको अशी सोडवलीस म्हणून. लाथच मारलीस म्हण." का म्हणून? त्यांनी कूस बदलली.

२० जुलै

आमची लावणी संपून पाच दिवस झाले. तरी आत्याबाई रोज इरलं घेऊन बाहेर! आमच्याकडे सावडीनं लावणी होते — आज ते आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. चार घरं लावून गेली, तर चार दिवसांत फेड व्हायला हवी. सोनबाकाकांची सूनसुद्धा घरी बसून गोधडी शिवतेय. या मात्र जातातच. विचारलं तर म्हणतात, "बोलावतात गो." बोलावतात! मला वाटतं या बाईला घरात बसवत नाही. चिखलातल्या गप्पा, गाणी, चार जणींत मोठेपणा. पायाचं वाटोळं झालं तरी चालेल, लाथ मारायला मी आहेच.

आज चिडून तोंडावर म्हणाले, तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये. त्यांनी इरल्यातलं पाणी झटकलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. चालताना डावा पाय ओढत होत्या.

२१ जुलै

तेरा दिवस उरले.

२४ जुलै, शुक्रवार

काल रात्री हाक नाही. परवाही नाही! मी दोन्ही रात्री जागी होते, म्हटलं येईल, येईल. नाही आली.

२५ जुलै

तिसरी रात्र. नाही!

२७ जुलै

पाच रात्री! मीठ, पाणी, सैल घोंगडी, भिंतीला हात. डॉक्टरांचे पाय धरले पाहिजेत. आज ओटीवर सोनबाकाका होते तेव्हाच मी आत्याबाईंना मोठ्यानं विचारलं, गोळा आला का हो? त्या म्हणाल्या, "नाय. थांबला." मामंजींनी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर. सोनबाकाका म्हणाले, हैबती, मी साक्षी आहे, ट्रंक उचल आता. मामंजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माणूस शब्दाचा. जा म्हणाले.

जा म्हणाले! रविवारी सकाळी निघायचं.

मला वाटलं आत्याबाई काहीतरी म्हणतील. उठून गुरांकडे गेल्या.

३० जुलै, गुरुवार

आल्या आल्या वही उघडली.

ट्रंक आणायला महाडला आईकडे गेले. आई रडली, जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, आता तू सुटलीस, तर सांगून टाकते. तू पायाळू नाहीस. कधीच नव्हतीस. सरळ जन्मलीस, डोकं आधी.

मला आधी कळेचना. मग म्हणाली, वडील गेलेले, मी एकटी बाई, तुला दुसरं कुठं स्थळ येईना. ही शेतकऱ्याची माणसं. तू कधी चिखलात पाऊल घातलेलं नाहीस. पहिल्याच पावसाळ्यात आडवी झाली असतीस. पायाळू म्हटलं की पावसात बाहेर काढत नाहीत, एवढंच डोक्यात आलं आणि बोलून गेले. त्या लाथांचं मला काय माहीत!

दोन वर्षं! दोन वर्षं रात्री दोन-दोनदा उठले. गावभरची उसणी माणसं तुडवली. सगळ्या बाया हसत शेतावर जायच्या आणि मी कोंडलेली. सगळं एका खोट्यावर! मी आईशी भांडले. तिच्या दारात, शेजारी ऐकत असताना. ट्रंक उचलली, पाणीही न पिता निघाले.

एसटीत पूर्ण वेळ एकच विचार. सांगणार. जाण्याआधी सांगणार! ओटीवर सगळे असतील तेव्हा. मामंजी, सोनबाकाका, यच्चयावत उसणवाले. आणि आत्याबाई — तुम्हाला ज्याच्यासाठी सून हवी होती तो पाय खोटा होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायचंय. तू पायाळू आहेस, ध्यानात ठेव, म्हणत होत्या ना! घ्या आता.

१ ऑगस्ट, रात्री

ओटीवर सांगायच्या आधी आत्याबाईंना सांगितलं. गोठ्यात, एकट्यांना. पहिला वार त्यांच्यावर करायचा होता.

त्या म्हणाल्या, "हळू बोल गो. ठाव हाय मला. तुझ्या आईची सुईण माझ्या माहेरची, लग्नाआधीच सांगितलान तिनं."

मग लाथा का खाल्ल्यात?

"नायतर लोकांस पटलं असतं काय? तुला चिखलात घातली असती त्यांनी. बुकं कवा वाचली असतीस?"

आणि शेणाच्या हातानं पाटी उचलता उचलता म्हणाल्या, सून आली की सावडीला घरातनं दोन बाया मोजतात. "तुझे दिस मीच भरत होते. गेल्या आठवड्यात संपले."

मी खाली बसले, त्यांच्या पोटरीला हात लावला. दगडासारखी होती. विचारलं, कधीपासून? थांबलाच कुठं, रोजच येतो म्हणाल्या, हाक मारत नाही एवढंच.

ओटीवर काही सांगितलं नाही. आत्याबाई म्हणतात, नीज आता, सकाळची एसटी चुकेल.